तीन भोकांचं माप

आईचं स्वयंपाकघर आवरताना
मक्याच्या पिठाच्या डब्यामागे सापडलं,
तमालपत्रांचा चुरा अंगावर घेऊन बसलेलं:
वीतभर उंच, पत्र्याचं, कान तुटलेलं,
आणि अंगाला तीन भोकं.
एकाखाली एक नव्हेत,
जराशी तिरकी, जिना चढल्यासारखी.
आत रेघ नाही, आकडा नाही.

अबीलिओ म्हणाला, फेक, गंजलंय.
पण गंज अशी गोल भोकं पाडत नाही.
ह्यांच्या कडा घासून घासून गुळगुळीत केलेल्या,
कुणाची तरी कातडी जपायची असावी तशा.

शेजारचा सेराफिम म्हणाला, ऑलिव्ह निथळायला.
मग बुडाला भोकं का नाहीत, त्याच्या बायकोने विचारलं,
आणि एक जुनं भांडण पुन्हा चुलीवर चढलं.
गिमारायँशचा भंगारवाला म्हणाला, कंदील असणार,
पाच युरो देतो.
मग म्हणाला, सात.
सातावर मला संशय आला.
धाकट्या तोमेने तोंडाला लावून फुंकलं:
म्हातारा बोकड खोकला.

मी औषधांच्या दुकानात काम करते.
दिवसभर रेघा दाखवते,
पाच मिली, दहा मिली,
इथपर्यंत, आजोबा, ह्याच्या वर नाही.
भोक पडलेलं माप
माझ्या लेखी फितूर झालेला साक्षीदार.

तरी रविवारी ते पिशवीत घालून
वृद्धाश्रमात नेलं, फेलिझबेला मावशीकडे.
त्र्याण्णव वर्षं. माझं नाव तिला दर वेळी नवं.
तिने विचारलं नाही हे काय.
डाव्या हातात घेतलं,
आणि बोटं आपापल्या जागी जाऊन बसली,
जशी गाय आपल्या गोठ्यात शिरते.
म्हणाली, इदालीनाचं.
म्हणाली, पाणी आण. आता तू धर. डोळे मिट.

मी धरलं. ती ओतत गेली.
खालच्या भोकातून धार आली थेट मनगटावर, गार.
थांब, मावशी म्हणाली. एवढं खमिराला.
मग माझं बोट तिने त्या भोकावर दाबलं
आणि पुन्हा ओतलं.
पाणी चढलं, मधल्या भोकातून
थोडं पलीकडे, नाडीवर सांडलं.
एवढं पावाला.

आमच्या घरात इदालीनाची गोष्ट एका ओळीची:
आईची मावशी, भारी चिक्कू,
रॉकेल वाचवायला अंधारात कणीक मळायची.
जेवताना कुणी दिवा लवकर मालवला
की आम्ही म्हणायचो, आली इदालीना.
आई हसायची नाही. आम्हाला वाटायचं, दमली असेल.

शोभेच्या दारूचा कारखाना कुणी सांगितलाच नव्हता.
एकोणीस वर्षांची होती, मावशी म्हणाली,
यात्रेच्या आधीचा आठवडा, रात्रपाळी.
चेहरा वाचला. पापण्यासुद्धा होत्या.

आणि हे केलं कुणी?
मावशी हसली, खिडकीकडे वळली.
पत्रा ठोकणारे तेव्हा पुष्कळ होते, एवढंच.
आणि वरचं, तिसरं भोक कशाला?
ते तिचं तिला ठाऊक.
मग तिने मला विचारलं, तू कुणाची गं?

रात्री घरी दिवा मालवला.
नळ चाचपडला. दोन बोटांनी दोन भोकं बुजवली,
पाणी चढू दिलं.
किती वेळ लागतो, डोळे नसले की.
बाही भिजली तेव्हा कळलं, पोचलं.

पर्समध्ये काचेचं माप होतं, रेघांचं.
काढलं नाही.
अंधारातच तेवढ्या पाण्याची कॉफी केली,
बोट भाजलं,
आणि आईच्या कपांत ओतली.
दोन कप झाली.
अबीलिओ म्हणाला, योगायोग.
असेल.
दिवा लावून पाहिलं:
दुसऱ्या कपाकडे
माप जरासं झुकतं होतं.